आकड्याखालचं टिंब

दसरा दोन आठवड्यांवर आला की आमच्या म्हैसूर गावात रस्त्याकडेला बांबू उतरवायला लागतात. गर्दीला आवरायला कठडे बांधायचे असतात. लॉरीचं मागचं फळकूट पाडतात, वर उभे राहिलेले दोघं पायानं बांबू ढकलतात आणि ते दगडी फुटपाथवर एकावर एक पडत जातात. आवाज पोकळ आणि कोरडा. परवा सकाळी चामराजपुरममधल्या माझ्या खिडकीखाली तो आला आणि माझ्या पेल्यातली कॉफी धोतरावर सांडली.

दसरा मलाही आवडतो. दिव्यांनी मढलेला राजवाडा, पहाटे सरावाला निघालेले हत्ती, झेंडूच्या राशींचा तो हिरवट कडू वास. एवढी वर्षं शाळेत शिकवलं, दर दसऱ्याला मुलांकडून त्यावर निबंध लिहून घेतला. माझ्या स्वतःच्या अंगात मात्र हा सण कानांतून शिरतो, आणि त्याचा पहिला आवाज बांबूचा असतो. माणसाच्या हाडावर बांबू पडला तर आवाज याहून बराच लहान येतो. इतका लहान, की आधी खरा वाटत नाही.

धोतर बदलून मी कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेलो. तिथं उभ्याउभ्या इडली खाणारी चार तरुण पोरं फोनवर बंगळूरच्या संघाचा आदल्या दिवशीचा सामना पुन्हा बघत होती. चौघांच्या अंगात एकाच रंगाच्या जर्सी, पाठीवर खेळाडूंची नावं. एकजण म्हणाला, "या डिफेंडरचे पाय मोडून हातात द्यायला पाहिजेत." दुसरा चटणीचं बोट चाटत म्हणाला, "पाय राहू दे. कोचला पेटवा आधी." चौघं हसली. चांगल्या घरची पोरं होती. मला बघून एकानं सरकून जागा दिली, "बन्नी, या सर, बसा" म्हणाला. मी इडली मागवली आणि खाल्ली नाही.

आमच्या जगलीवर हेच चालायचं. जगली म्हणजे दुकानासमोरचा दगडी ओटा. आम्ही शिंपी, विठ्ठलाच्या देवळाच्या गल्लीत अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, दुकान. राज्याचं नाव तेव्हा अजून म्हैसूरच होतं. संध्याकाळी पाचच्या सुमाराला तीन माणसं ठरल्यासारखी त्या ओट्यावर येऊन बसायची. रामोजीराव कोर्टात कारकून होते, त्यामुळे प्रत्येक मत ते निकालासारखं द्यायचे. पुट्टस्वामी गिरणीत सूतखात्यात होता. तिसरे माझे माधवमामा, आईचे धाकटे भाऊ. ते आमच्याच दुकानात मशीनवर बसायचे आणि पाच वाजले की पायडल थांबवून बाहेर.

विषय एकच. गिरणीचा फुटबॉल संघ. गिरणीनं पगारावर माणसं ठेवली होती, सूत कातायला नाही, फक्त खेळायला. ती शहराची शान होती आणि पुट्टस्वामीच्या पोटातली आग होती. "आम्ही आठ तास कापूस गिळतो," तो म्हणायचा, "संध्याकाळी खोकून खोकून कापसाचा गोळा पडतो. आणि हे? चेंडू लाथाडतात आणि जेवतात. मग हरतात कसे? हरायचा हक्कच नाही यांना, कणो!"

पुढच्या फळीतला नंजुंडा पिरियापट्टणच्या तंबाखूच्या शेतातून उचलून आणलेला. वाऱ्यासारखा पळायचा, पण चेंडू डोक्यावर आला की मान खाली घालायचा. माधवमामा दात कोरत म्हणायचे, "अय्यो, डोकं हवंय कशाला त्याला धडावर? कापून काढा. कोचच्या हातात द्या, उशाला घेईल."

कोच म्हणजे पोन्नप्पा, कोडगूचे, लष्करातून निवृत्त झालेले. ताठ, कमी बोलणारे. ते संघाला मागं थांबून खेळायला लावतात हा त्यांचा गुन्हा. रामोजीराव चष्मा पुसून निकाल सांगायचे, "बन्नीमंटपाच्या मैदानात. भर दुपारी. उलटा टांगून."

"खाली काय ठेवायचं, राव?" मामा विचारायचे.

"निखारे. दुसरं काय?"

मग तिघं पोट धरून हसायचे. कुणी कुणाला कधी हात लावला नाही. एकादशीला हेच तिघं देवळात टाळ घेऊन बसायचे; मामांचा आवाज तर इतका गोड, की बायका बाहेरच्या पायरीवर थांबायच्या. पण ओट्यावर तोंडानं रोज चार मुडदे पडत, आणि दुसऱ्या दिवशी तेच चार उठून मैदानात पळत, म्हणून कुणाला त्यात वावगं वाटत नसे. मलाही वाटत नसे. उलट त्या बोलण्यात आपलंही एक वाक्य असावं म्हणून मी तडफडायचो. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरातच काय, त्या गल्लीतल्या आमच्या जातीत कॉलेजात गेलेला मी पहिला. ओट्यावर मला नावच "बी.ए." पडलं होतं. मी तोंड उघडलं की मामा म्हणायचे, "सुम्ने, गप्प बस रे बी.ए., पुस्तकात गोलपोस्ट नसतंय."

अप्पा या बोलण्यात कधी नसत. ते आत कापायच्या टेबलापाशी, गळ्यात मापाची टेप, कानावर खडू. त्यांचं कात्री चालवणं मला आजही दिसतं. जाड कापडातून ती कात्री जाताना असा आवाज यायचा जसं कुणी दात आवळून श्वास घेतंय. बाहेर माणसं बोलण्यात कापली जात होती, आत कापड खरोखर कापलं जात होतं. आणि त्या दोहोंत अप्पांचा हात हलका होता.

त्यांचा एक नियम होता. आमच्या दुकानात माप अप्पा घेत आणि मी किंवा माझी थोरली बहीण रुक्माक्का वहीत लिहीत असू. अप्पा आकडे मोठ्यानं सांगत. छाती, गळा, खांदा, बाही. पण माणसाच्या अंगात काही उणं असलं, पाठीला पोक, एक खांदा खाली, एक हात आखूड, तर ते तोंडातून काढायचं नाही. माप सांगून झालं की अप्पा टेपचं टोक स्वतःच्या मांडीवर दोनदा हलकेच आपटत. लिहिणाऱ्यानं त्या आकड्याखाली एक टिंब द्यायचं. बस्स. मग शिवताना अप्पा त्या जागी आतून कापडाची घडी घालत, अस्तर लावून ती झाकत, आणि तो माणूस आरशात बघताना दोन्हीकडून सारखा दिसत असे. त्याला स्वतःलाही कळत नसे कोट इतका बरोबर का बसला. "अंग दाखवायला येतो तो आपल्याकडं," अप्पा म्हणायचे, "झाकून परत पाठवायचं." वही रात्री कपाटात जायची. ती दुकानाबाहेर न्यायची नाही, तिच्यातलं बाहेर बोलायचं नाही.

त्या दसऱ्याला गिरणीनं खेळाडूंना सारखे कोट शिवायचं ठरवलं आणि काम अप्पांना मिळालं. तांबूस कापड, पितळी बटणं. दसऱ्यातल्या स्पर्धेत संघ ते घालून मैदानात येणार होता. आमच्या गल्लीला चार दिवस ताप चढला होता. ज्यांची मुंडकी रोज ओट्यावर उडत होती ती माणसं एक-एक करून त्याच ओट्यावरून पायातल्या चपला काढून आत येत होती, आणि रामोजीराव उठून त्यांना जागा देत होते. नंजुंडा आला तेव्हा माधवमामांनी स्वतः त्याला कॉफी आणून दिली.

गोलकीपर सर्वांत शेवटी आला. आरोग्यस्वामी. कोलारचा, रुंद, काळा, हसला की एका गालाला खळगा पडणारा. त्याच्या दोन मुली बाहेर ओट्यावर बसून चिक्की खात होत्या. अप्पांनी खांद्याचं माप घेतलं, आकडा सांगितला आणि टेप मांडीवर दोनदा आपटली. उजवा. मी टिंब दिलं. मग कुशीचं माप घ्यायला अप्पा म्हणाले, "हात वर करा." डावा सरळ वर गेला. उजवा कानापर्यंत आला आणि तिथंच थांबला. त्याच्या नाकपुड्या फुलल्या. घामाचा एक थेंब कानामागून उतरला.

"साकु," अप्पा म्हणाले. पुरे. आणि दुसरीकडं बघत टेप गुंडाळायला लागले.

तो उजवी बाही सारखी करत हळूच म्हणाला, "मास्तर, एवढा दसरा निघाला की झालं. कोचसाहेबांनी शब्द टाकलाय. दसऱ्यानंतर गिरणीच्या टाइम-ऑफिसात बसायचं. कायमची जागा. क्वार्टर्स राहील." मग माझ्याकडं बघून हसला. "हा शिकतो ना? मोठ्या मुलीला शिकवेल का इंग्रजी?"

"शिकवेल की," अप्पा म्हणाले.

हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. नंतर काय झालं ते सांगताना हे गाळता येत नाही.

उपांत्य सामना आम्ही जिंकलो, पण दोन गोल खाल्ले, दोन्ही उजव्या हाताला, वरच्या कोपऱ्यात. आरोग्यस्वामीनं उडी घेतली ती अर्ध्यात तुटल्यासारखी. अंतिम सामना कोलारच्या संघाशी होता. त्या संध्याकाळी ओट्यावर पहिल्यांदा कुणी हसत नव्हतं.

"गावाला विकला गेला," पुट्टस्वामी म्हणाला. त्याच्या भुवयांवर अजून कापूस होता. "आपलं खातो आणि कोलारला हात सैल सोडायची सवय करतोय आत्तापासून. याचे दोन्ही हात कोपरापासून काढायला पाहिजेत."

"गद्दारीला एकच कलम," रामोजीराव म्हणाले.

मी म्हणालो, "तसं नाहीये ते."

"सुम्ने बस रे बी.ए."

"मला माहीत आहे."

"काय माहीतै तुला? कॉलेजात गोलकीपर शिकवतात?" मामा बाकीच्यांकडं बघून हसले, आणि आता सगळेच हसले, आणि माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

मी त्याची बाजू घेत होतो, असं मी पुढं पुष्कळ वर्षं म्हणत आलो. त्याच्यावरचा गद्दारीचा डाग पुसायला बोललो, असं. खोटं नाही ते. पण त्या क्षणी माझ्या छातीत जे उसळलं ते मला ओळखू येतं, ते दयेचं नव्हतं. मी आत गेलो. अप्पा देवळात गेले होते. कपाटातून वही काढली, बाहेर आणली आणि पुट्टस्वामीच्या मांडीवर उघडून ठेवली.

"हे टिंब बघा. उजवा खांदा गेलाय त्याचा. हात कानाच्या वर जात नाही. आम्ही माप घेतलंय."

तीन म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसांनी माझ्याकडं असं बघितलं जसं आजवर कुणीच बघितलं नव्हतं. रामोजीरावांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावून टिंब बघितलं. "म्हणजे कोचला माहीत असणार," ते सावकाश म्हणाले. "माहीत असून लपवलं. सगळ्या गावाला फसवलं." माझ्या खांद्यावर थाप पडली. मामांची. "आमचा बी.ए.," ते म्हणाले.

आतून रुक्माक्का काज करता करता बघत होती. तिच्या हातातली सुई थांबली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सूतखातं, विणकामखातं, बाजार, टांग्याचा अड्डा, सगळ्यांना माहीत झालं. कोलारला कसं कळलं, ते विचारायची गरजच नव्हती. कोच आरोग्यस्वामीला बाहेर बसवू शकले असते, असं लोक नंतर म्हणाले. बसवलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगितलं असतं तर अधू माणसाला गिरणीनं टाइम-ऑफिसातली खुर्ची दिली नसती. अफवेला होकार देण्यापेक्षा त्याला उभं करणं त्यांनी पत्करलं असावं. हा माझा अंदाज. विचारायला मी कधी गेलो नाही.

अंतिम सामना बन्नीमंटपाकडच्या मैदानात होता. पंजाच्या कवायतीसाठी, मशालींच्या त्या मोठ्या संचलनासाठी, आधीच बांबूचे कठडे बांधून ठेवलेले. दुपारचं ऊन असं, की गोलपोस्टचा चुना डोळ्यांत घुसत होता. अप्पा जन्मात कधी सामन्याला गेले नव्हते. त्या दिवशी आले, इस्त्रीचा सदरा घालून, आणि सवयीनं गळ्यातली टेप काढायची विसरले होते. त्यांना आपले कोट चालताना बघायचे होते. संघ तांबूस कोटांत मैदानाला फेरी मारत आला तेव्हा अप्पांनी फक्त एका कोटाकडं बघितलं. दोन्ही खांदे सरळ रेषेत. "बसलाय," ते पुटपुटले. मग खेळाडूंनी कोट काढून बाकावर ओळीनं ठेवले.

सामना सुरू होऊन चहा गार व्हायलाही वेळ गेला नसेल, कोलारचा पहिला गोल झाला. उजवीकडं, वर. मग दुसरा. तिथंच. कोलारचे लोक ओरडत होते, "बलक्के! बलक्के!" उजवीकडं, उजवीकडं. थोड्या वेळानं मला जाणवलं की आमच्या बाजूचे लोकही तेच ओरडताहेत. आपलाच गोलकीपर पडावा म्हणून. आपण बरोबर होतो हे दिसावं म्हणून. पुट्टस्वामीच्या गळ्याच्या शिरा दोरखंडासारख्या ताणल्या होत्या. मी त्याच्या शेजारी उभा होतो आणि माझं तोंडही उघडं होतं.

तिसऱ्या गोलाला आरोग्यस्वामीनं उजवा हात वर फेकला. कानाच्या वर. त्याची किंकाळी आमच्यापर्यंत आली आणि चेंडू त्याच्या बोटांना लागून आत गेला.

पहिला दगड कुणी मारला ते माहीत नाही. तो कोचच्या कपाळावर बसला. पोन्नप्पा खाली बसले नाहीत, रुमाल काढून त्यांनी डोळ्यावरचं रक्त टिपलं आणि परत मैदानाकडं बघायला लागले. त्या ताठपणानंच लोक पिसाळले असावेत. कठडे मोडले. सुंभ तुटले आणि बांबू हातांत आले. ओट्यावर इतकी वर्षं जे जे बोललं गेलं होतं त्याला एका क्षणात हातपाय फुटले. कोचला तिघांनी धरलं आणि चौथ्यानं पोटात गुडघा घातला. नंजुंडा जीव घेऊन पळाला. त्याच्याइतकं वेगात कोण पळणार? गोलकीपर पळाला नाही. त्याला उठताच येत नव्हतं. तो डाव्या हातावर रेलून उठायला बघत होता तेव्हा एक बांबू त्याच्या उजव्या दंडावर आला.

तो लहान आवाज.

मी रिंगणाच्या आत होतो. कसा गेलो? ढकलला गेलो. माझा पाय त्याच्या पाठीवर पडला. तोही ढकललं गेल्यामुळं पडला, असं मी माझ्या बायकोला एकदा सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिनं वर बघितलं आणि परत खाली बघितलं. पायाखाली माणसाची पाठ कशी लागते ते मला माहीत आहे. एवढंच मी खात्रीनं सांगू शकतो.

तेवढ्यात बाकाकडं कुणीतरी ओरडलं. कोट फाडले जात होते. दोन माणसं एक तांबूस कोट दोन बाह्यांना धरून ओढत होती आणि अप्पांची दुहेरी शिलाई सुटत नव्हती. मग सुटली. उजव्या खांद्याचं अस्तर टरकन फाटलं आणि आतली घडी बाहेर आली. तळहाताएवढी, चार पदरी, कडांना बारीक टाके घातलेली. एकानं ती वर धरून नाचवली. "हे बघा! हे बघा! शिंप्यानं लपवलं होतं!"

अप्पा त्या माणसासमोर उभे होते. त्यांनी हात पुढं केला. मारायला उठलेल्या त्या माणसानं, देव जाणे का, ती घडी त्यांच्या हातावर ठेवली.

मग अप्पा रिंगणात आले. त्यांना कुणी मारलं नाही. म्हातारा शिंपी, गळ्यात टेप. ते आरोग्यस्वामीजवळ बसले, ती घडी त्याच्या दंडाखाली सरकवली, गळ्यातली टेप काढली आणि तुटलेला हात छातीशी घेऊन टेपनं बांधायला लागले. एक वेढा, दुसरा, तिसरा. गाठ मारताना त्यांनी मान वर केली आणि मला बघितलं. माझ्या पायात एकच चप्पल होती. दुसरी कुठं होती ते आम्हां दोघांनाही दिसत होतं.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी मी अप्पांबरोबर डबा घेऊन गेलो, पण वॉर्डाच्या दाराबाहेरच थांबलो. आतून आवाज येत होता. मोठ्या मुलीला आरोग्यस्वामीनं पाणी आणायला पाठवलं आणि मग विचारलं, "मास्तर, तुमच्या वहीत होतं?"

"होतं," अप्पा म्हणाले. "चूक माझ्या दुकानाची आहे."

मग तो म्हणाला, "कोट चांगला झाला होता."

त्याला कायमची जागा मिळाली नाही. हात वाकडा जुळला. दिवाळीआधी त्यानं क्वार्टर्स सोडली आणि बायकामुलींना घेऊन कोलारला गेला. कोच कपाळावर टाके घेऊन कोडगूला परतले. जायच्या आधी अप्पांनी गोलकीपरला दोन सदरे शिवून दिले, उजव्या बाहीला खांद्यापासून बटणं, म्हणजे हात न उचलता घालता यावेत. ती मापं कुणी लिहिली नाहीत. त्याच्या मुलीला मी इंग्रजीचा एक शब्दही शिकवला नाही. टेप दवाखान्यातून परत आली नाही.

ओट्यावर आठ दिवस कुणी बसलं नाही. नवव्या दिवशी बसले. दहाव्या दिवशी नवा कोच कसा नालायक आहे ते सुरू झालं.

दुकानात नवी टेप आली, पिवळी, कोरी, मेणाच्या वासाची. पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा मी नेहमीसारखा वही उघडून बसलो. अप्पा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी वही माझ्या हातातून घेतली. हिसकावली नाही, आजाऱ्याच्या हातातून पेला घ्यावा तशी घेतली, आणि रुक्माक्काला दिली. "तू अभ्यास कर," मला म्हणाले. "तुझं शिक्षण पुरं व्हायला पाहिजे." त्यानंतर त्या दुकानात मी सुईलाही हात लावला नाही. त्यांनी लावू दिला नाही. परीक्षेच्या दिवसांत दुपारी मशीनचा आवाज नको म्हणून ते हातानं शिवत बसायचे. माझ्या टेबलावर दिवा त्यांनी लावला, माझी पुस्तकं त्यांनी आणली. सातवीत शाळा सुटलेली रुक्माक्का माझ्या वाटचं काम करत राहिली. समाजाच्या सभेत माझा सत्कार झाला तेव्हा अध्यक्ष म्हणाले, पोराच्या हातात कात्री येऊ दिली नाही, असा बाप हवा. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मी जो काही आहे तो त्या माणसामुळं आहे आणि हे मी कुठल्याही देवासमोर सांगेन. फक्त त्या टाळ्यांतल्या कुणाला माहीत नव्हतं की मला पुस्तकाकडं पाठवताना त्यांनी कशापासून दूर केलं होतं.

पदवीदानाच्या आधी त्यांनी माझा कोट शिवला. मला आरशासमोर उभं केलं. रुक्माक्का वही घेऊन स्टुलावर. छाती. गळा. खांदा. बाही. आकडे ते खणखणीत सांगत होते. शेवटचं माप झालं, आणि मी आरशात बघितलं, अप्पांनी टेपचं टोक स्वतःच्या मांडीवर दोनदा हलकेच आपटलं.

रुक्माक्काची पेन्सिल कागदावर टेकली आणि उठली.

तो कोट मी घालून बघितला, उलटून बघितला, लग्नानंतर एकदा अस्तर दाबदाबून बघितलं. कुठंही घडी नाही. दोन्ही खांदे सारखे, दोन्ही बाह्या सारख्या. अप्पा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली.

परवा हॉटेलातून निघालो तो तसाच दुकानात गेलो. दुकान आता रुक्माक्काचा मुलगा बघतो. ती कपाटाशेजारी खुर्ची टाकून बसते, डोळ्यांना कमी दिसतं, पण काजाचा टाका बोटांनी तपासते. बाहेर ओट्यावर कुणाच्या तरी फोनमधून सामन्याचा कालवा ऐकू येत होता. जुन्या वह्या तिच्या मागच्या कपाटात आहेत, मला ठाऊक आहे.

"अक्का," मी म्हणालो, "माझ्या पदवीच्या कोटाचं माप. अप्पांनी दोनदा टेप आपटली होती. तू टिंब दिलंस. कशाखाली दिलंस?"

ती काज चाचपत राहिली.

"दिलं होतं," ती म्हणाली.

"कशाखाली?"

तिनं मान वर केली. डोळे नीट माझ्यावर लागले नाहीत, थोडे बाजूला लागले, जिथं कधी काळी मी वही घेऊन बसायचो त्या स्टुलाकडं.

"पांडू," ती म्हणाली, "ते सांगायचं नसतं रे."